कॅल्साइटमधलं सोनं

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकाच माणसाचा राग केला, आणि तोही एका दगडावरून. दगड तरी केवढा, तर करंगळीएवढा. खाणीत यंत्राने जमिनीत खोल भोक पाडतात आणि आतून दगडाची लांब कांडी बाहेर काढतात, तिला कोअर म्हणतात. तशा एका कांडीचा हा तुकडा बाबांनी कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीतून आणला होता. खाण बंद पडली तेव्हा त्याची चौकशी करायला कोणी उरलं नव्हतं. आमच्या डोंबिवलीशेजारच्या कोपरच्या घरात तो कपाटाच्या लॉकरमध्ये, आईच्या बांगड्यांच्या शेजारी, कापसात गुंडाळून असायचा. आई गेल्यावर बांगड्या मी बँकेत ठेवल्या. तुकडा घरीच राहिला.

काळपट दगड, त्यात तिरकी गेलेली पांढरी शीर, आणि त्या शिरेत मोहरीहूनही बारीक एक पिवळा ठिपका. ठिपका सोन्याचा होता, याबद्दल वाद कधीच नव्हता. वाद पांढऱ्या शिरेचा होता.

तो समजायला थोडी पार्श्वभूमी लागते. सोनं बहुतेक वेळा गारगोटीच्या शिरांमध्ये सापडतं. जमिनीच्या पोटात खूप खोलवरून उकळत्याहून कितीतरी गरम पाणी दाबाखाली वर येतं, खडकाच्या भेगांत शिरतं, आणि तिथे त्यातली गारगोटी आणि सोनं साचून बसतं. ही पहिली वेळ. मग फार मोठा काळ जातो. सगळं निवल्यावर खडकाला पुन्हा बारीक तडे जातात आणि त्यांत जेमतेम गरम पाणी येतं. ते मागे ठेवून जातं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज. ही शेवटची वेळ. या उशिराच्या शिरा सोन्याच्या शिरांना आडव्या कापून जातात, दिसायला तशाच पांढऱ्या असतात, पण त्यांच्यात काही नसतं. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याकडे यजमान ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने खाणीतली माणसं या शिरांकडे बघतात.

बाबांचा ठिपका मात्र कॅल्साइटमध्ये होता. त्यांचं म्हणणं होतं की आपल्या खाणीत शेवटचं पाणीही सोनं घेऊन आलं. हे खरं असेल, तर खाणीची पूर्वेकडची बाजू, जी सगळ्या कॅल्साइटच्या शिरांमुळे सोडून दिली होती, तिथे ड्रिल मारायला हवं होतं. ते तुकडा घेऊन आपल्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे खाणीचे मुख्य भूवैज्ञानिक. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "कॅल्साइटमध्ये सोनं नसतं," आणि ते जेवायला गेले. तुकडा त्यांनी हातातही घेतला नाही. पूर्वेकडे ड्रिल लागलं नाही. काही वर्षांनी खाण बंद झाली, खाणकामगारांची कॉलनी उठली, शाळा बंद पडली, आणि आमच्यासारखी घरं जिथे नातेवाईक होते तिथे पांगली. आम्ही डोंबिवलीला आलो. बाबांनी उरलेली नोकरी एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत स्टोअर सांभाळून काढली. जेवताना कॉलनीचा विषय निघाला की ते एकच वाक्य बोलायचे, "त्यांनी बघितलं असतं तर." आई म्हणायची, भात निवतोय.

साहेबही निवृत्त होऊन मुलाकडे आले, टिटवाळ्याला. एवढ्या मोठ्या देशात त्यांना आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच घर मिळावं, हे बाबांना अजिबात आवडलं नाही. आम्ही टिटवाळ्याच्या गणपतीला जायचो. साहेबांकडे कधीच नाही.

मी भूशास्त्र शिकले ते बाबांमुळे नाही. मला केमिस्ट्रीला प्रवेश मिळाला नव्हता म्हणून. पण बाबांना वेगळं वाटतं आणि मी ते वाटू दिलं. गेली बरीच वर्षं मी ठाण्यात एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या लॅबमध्ये काम करते. एका बाजूला पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या बाजूला खोके बनवणारा, आणि मध्ये आम्ही. आमचं काम दगडातलं पाणी बघायचं.

हे ऐकून लोक हसतात, पण दगडात पाणी असतं. गारगोटी तयार होताना ज्या पाण्यातून ती तयार झाली त्याचे सूक्ष्म थेंब तिच्या आतच अडकून राहतात. गरम तूप बरणीत काठोकाठ भरलं तरी निवल्यावर वर थोडी जागा रिकामी होते, तसं या थेंबांचंही होतं. पाणी थंड होऊन आकसतं आणि थेंबात एक बुडबुडा उमटतो. आम्ही दगडाची काचेसारखी पातळ चकती करतो, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो आणि हळूहळू तापवतो. बुडबुडा लहान लहान होत जातो आणि एका तापमानाला नाहीसा होतो. ते पाणी अडकलं तेव्हा निदान तेवढं तरी गरम होतं, असं समजायचं. आणि तीच चकती द्रव नायट्रोजनने गोठवून पुन्हा हळूहळू गरम केली, की कोणत्या तापमानाला थेंबातला बर्फ वितळतो त्यावरून पाण्यात मीठ किती होतं ते कळतं. यात जादू काही नाही. डोळे दुखतात एवढंच.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बाबांनी लॉकरमधून तुकडा काढला आणि खिडकीत धरून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "अगं, तुझ्या त्या यंत्रात हा घालशील?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मीही कधी सुचवलं नव्हतं. त्यांना उत्तराची भीती वाटत असावी, आणि मला त्यांच्या भीतीची. मी म्हटलं, "घालते. पण चकती कापावी लागेल."

"दुसऱ्या टोकाची काप. ठिपक्याच्या बाजूला कोणी हात लावायचा नाही."

आपल्याच बापाचा दगड आपणच मोजणं बरं दिसत नाही. बुडबुडा गेला की नाही हे शेवटी डोळ्यांनीच ठरवायचं असतं, आणि डोळे घरच्यांची बाजू घेतात. म्हणून मी काम लॅबमधल्या सहकारी मुलीला दिलं. ती दिव्याहून लोकलने येते, एम.एस्सी. झालेली आहे, नजर पक्की आहे आणि दगड कोणाचा याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिने दोन दिवसांत मोजून दिलं. बुडबुडे दोनशे अंशांच्या बरेच वर जाऊन नाहीसे होत होते. काही तर अडीचशेपर्यंत पोचले. शेवटच्या पाण्याला एवढं तापायचं काही कारण नव्हतं. सोन्याच्या पाण्याचीच ऊब होती ती. आलेली मापं जरा पसरट, एकमेकांपासून लांब होती, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला आनंद झाला होता, आणि आनंदात माणूस पसरट गोष्टी पोटात घालतो.

बाबांनी पेढे आणले. बिल्डिंगमध्ये वाटले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "ताईंचं जमलं वाटतं?" मी पन्नाशी ओलांडलेली आहे. बाबा म्हणाले, "नाही हो, माझं जमलं."

मग त्यांनी साहेबांना फोन लावला. नंबर त्यांच्याकडे होता, म्हणजे कधीतरी कोणाकडून तरी मागून घेतलेला असणार. फोन स्पीकरवर होता. बाबांनी आपलं नाव सांगितलं, तुकड्याची आठवण करून दिली आणि तापमान वाचून दाखवलं. शाळेत निकाल वाचतात तसं.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. नव्वदीजवळचा, खरखरीत आवाज. "म्हणजे पूर्वेकडे सोनं होतं."

"होतं साहेब."

"म्हणजे ती सगळी कॉलनी माझ्यामुळे उठली."

बाबा म्हणाले, "तसं नाही साहेब," पण आजवर ते अगदी तसंच म्हणत आले होते. फोन कट झाला. बाबांनी पेढ्यांचा उरलेला बॉक्स फ्रीजमध्ये ठेवला आणि टीव्ही लावला.

दोन-तीन दिवसांनी साहेबांच्या सुनेचा फोन आला. आवाजात राग होता, पण सभ्य. "काका, तुम्ही काय बोललात त्यांना? जेवत नाहीयेत ते. कोणकोणाची नावं घेतात, मला एकही माहीत नाही. कोणाच्या मुलीचं लग्न मोडलं म्हणतात, कोण गावी जाऊन वारला म्हणतात." बाबांना ती सगळी नावं माहीत होती. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "मला वाटलं होतं बरं वाटेल." त्यांनीही त्या दिवशी ताटातलं अर्धं परत केलं. मी त्यांच्यावर चिडले. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी झुरले ती मिळाली, तर हा माणूस जेवत का नाही, असं मला वाटलं. मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी चिडलेच.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये डबा खाताना माझी सहकारी सहज म्हणाली, "मॅडम, एक विचारू? काकांच्या कॅल्साइटचे बबल्स ना, मला तापवताना मोठे वाटलेले. आधी एवढे नव्हते."

"आधी म्हणजे कधी?"

"फ्रीझ करायच्या आधी."

"तू आधी फ्रीझ केलंस?"

"हो ना. आपण नेहमी तसंच करतो ना?"

करतो. आमच्याकडे दहातले नऊ दगड गारगोटीचे येतात आणि गारगोटीला आधी गोठवायचं, मग तापवायचं, अशीच रीत आहे. आधी तापवलं तर थेंब फुटू शकतात आणि मग गोठवायला काही उरत नाही. पण गारगोटी टणक असते. कॅल्साइट मऊ. फ्रीझरमध्ये भरलेली पाण्याची बाटली विसरली की ती फुगते आणि बर्फ वितळला तरी पूर्ववत होत नाही. कॅल्साइटमधल्या थेंबाचंही तेच होतं. बर्फ आतून भिंती ताणतो, जागा वाढते, बुडबुडा मोठा होतो, आणि मोठा बुडबुडा नाहीसा करायला जास्त तापवावं लागतं. पाणी कोमट असलं तरी यंत्र ते गरम सांगतं. म्हणून कॅल्साइटला आधी तापवायचं असतं, गोठवायचं नंतर. पुस्तकात हे लिहिलेलं आहे. पण हात पुस्तकावर चालत नाही, सवयीवर चालतो.

तिचा चेहरा उतरला. मी तिला म्हटलं, रडू नकोस, आपल्याकडे उरलेल्या टोकातून नवीन चकती काप. दुपारपर्यंत चकती तयार झाली. या वेळी ती शेजारी बसली आणि मी मोजलं, कारण आता मला काय दिसावंसं वाटतंय हेच मला सांगता येत नव्हतं. पहिला बुडबुडा सव्वाशेच्या आसपास गेला. दुसरा त्याच्याच जवळ. तिसराही. सगळे एकमेकांना धरून, अजिबात पसरट नाहीत. शेवटचं पाणी, जसं असायला हवं तसंच. पंगत उठल्यावर आलेलं.

ठाण्याहून घरी येईपर्यंत मी ठरवत होते की सांगायचंच नाही. बाबा ऐंशीच्या पुढचे. हा एक तुकडा सोडला तर त्यांच्याकडे त्या खाणीचं काही नव्हतं. पेढे वाटून झाले होते. कोणाचं काय बिघडणार होतं? पण टिटवाळ्याला एक म्हातारा माणूस जेवत नव्हता, आणि तो आमच्या लॅबच्या सवयीमुळे जेवत नव्हता. मी चप्पल काढायच्या आत दारातच सांगून टाकलं, कारण आत बसून सांगायला मला जमलं नसतं.

बाबांनी सगळं ऐकलं. एकच प्रश्न विचारला, "सव्वाशे?"

"सव्वाशे."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं, आता हा माणूस मोडेल. ते म्हणाले, "साहेबांना सांगितलंस?"

"नाही. आता फोन करते."

"फोनवर नको. फोनवर ते ऐकणार नाहीत."

रविवारी आम्ही टॅक्सी करून टिटवाळ्याला गेलो. नवीन बिल्डिंग, अर्ध्या मजल्यांवर अजून कुलपं, लिफ्टच्या भिंतींना प्लायवुड मारलेलं. साहेब गॅलरीत शाल घेऊन बसले होते. बाबांच्या आठवणीतला दांडगा माणूस मला कुठे दिसला नाही. बाबांनाही नसावा, कारण ते वाकून नमस्कार करायला गेले आणि साहेबांनी त्यांचा हात धरून ठेवला.

"साहेब, मी चुकलो," बाबा म्हणाले. "ते पाणी थंड होतं. मोजण्यात गडबड झाली होती."

साहेबांनी हात सोडला. "मला फसवायला आलास?"

"नाही हो साहेब."

"सुनेने फोन केला होता तुला. मला माहीत आहे. म्हणून आलास. म्हाताऱ्याला दोन घास जेवू दे म्हणून."

"साहेब, खरंच सव्वाशे आलंय. हिला विचारा."

मी समजावलं. आधी गोठवलं, भिंती ताणल्या, बाटली, सगळं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी मुलगी हुशार आहे. गोष्ट छान रचली आहे." मग ते बाबांकडे वळले आणि पूर्वेकडच्या बाजूबद्दल बोलू लागले. तिथल्या शिरा कशा दाट होत्या, त्यांचा रोख कसा मुख्य शिरेकडे होता, तिथे सोनं का असू शकलं असतं. बाबांचे मुद्दे होते ते, एकूण एक. मी लहानपणापासून जेवताना ऐकलेले. आणि माझे वडील, ज्यांनी या मुद्द्यांवर आयुष्य काढलं, ते तावातावाने एकेक खोडून काढत होते. "दाट असून काय उपयोग साहेब? रोख तसा असला म्हणून काय झालं?" सून चहा घेऊन आली तेव्हा दोघांचे आवाज चढलेले होते. ती मला म्हणाली, "भांडतायत का?" मी म्हटलं, हो. पण कोण कोणाच्या बाजूने, ते तिला सांगता येणं कठीण होतं.

शेवटी साहेब म्हणाले, "आणि तो ठिपका? तो तर कॅल्साइटमध्येच आहे ना? माझ्या टेबलावर ठेवला होतास तू."

बाबांनी खिशातून कापूस काढला. तुकडा त्यांनी बरोबर आणला होता, मला न सांगता. त्यांनी सुनेला विचारलं, "घरात बाथरूमचं ॲसिड आहे का?"

मी म्हटलं, "बाबा, नको." कॅल्साइटवर ॲसिड टाकलं की ते फसफसून विरघळतं. बाबांनी इतक्या वर्षांत त्या ठिपक्यावर ॲसिडचा थेंब टाकला नव्हता तो याचसाठी. शीर विरघळली की त्यांच्याकडे दाखवायला काही उरणार नव्हतं. ते म्हणाले, "थांब तू."

सुनेने बाटली आणि औषधाचा ड्रॉपर आणून दिला आणि ती नाकाला पदर लावून दारात उभी राहिली. काचेच्या बशीत तुकडा ठेवून बाबांनी ठिपक्याच्या भोवती थेंब टाकला. फेस आला. दुसरा टाकला. पांढरी शीर डोळ्यांदेखत खाली खाली जाऊ लागली, वास गॅलरीभर झाला, साहेब खोकले, पण मागे सरकले नाहीत. मग फेस एका ठिकाणी यायचा थांबला. ठिपक्याला धरून तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरंच, पण न विरघळलेलं, वर उरलं होतं. बाबांनी त्यावर आणखी थेंब टाकला. काहीच झालं नाही. त्यांनी बशीत पाणी ओतून ती धुतली तेव्हा तो दाणा सुटून बशीच्या तळाशी पडला.

"भिंग," साहेब म्हणाले. सुनेने वाचायचं भिंग दिलं. साहेबांनी तुकडा पहिल्यांदाच बघितला. बराच वेळ बघितला. सुई मागितली, दाण्यावर ओरखडा काढून पाहिला. ओरखडा उठला नाही.

"गारगोटी आहे रे," ते म्हणाले. "जुन्या शिरेची कपची. भेग पडली तेव्हा तुटून आत पडली. सोनं गारगोटीतच बसलंय."

"तेच तर सांगतोय मघापासून."

"पांढऱ्यात पांढरं. ॲसिडशिवाय भिंगातूनही दिसलं नसतं. तेव्हा बघितलं असतं ना, तर मीसुद्धा फसलो असतो. ड्रिल लावलं असतं मी."

बाबांचा चेहरा मी बघत होते. त्या वाक्यासाठी ते एवढी वर्षं थांबले होते, आणि ते आलं तेव्हा त्यांचं लक्ष नव्हतं. ते साहेबांच्या हाताकडे बघत होते. भिंग अजून त्या दाण्यावरच होतं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," बाबा म्हणाले. "तिथे काही नव्हतंच. सोनं संपलं होतं."